जगबुडीत सायकल का नसते

डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं की माझे पाय घरात ठरत नाहीत. ऐंशी उलटली, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे. पण दिवाळीच्या तोंडाशी जव्हारच्या वाऱ्याला तो कोरडा, थोडा गोडसर वास आला, की मी सकाळपासून पुढच्या दारातून मागच्या दारात आणि मागच्या दारातून पुढच्या दारात अशा येरझाऱ्या घालते. चहा अर्धा राहतो. भाजी निवडायला घेते आणि परात तशीच ठेवून उठते. शेजारची सून विचारते, "नर्सबाई, कुणी यायचं आहे का?" यायचं कुणी नसतं. मलाच कुठेतरी जायचं असतं, आणि कुठे ते पक्कं ठाऊक असूनही मी फाटकापर्यंत जाऊन परत येते.

यंदा सुट्टीत नात आली आहे, तनया. कॉलेजात शिकते. तिला जगबुडीच्या गोष्टींचं वेड. जाडजूड पुस्तकं वाचते, लॅपटॉपवर सिनेमे बघते, आणि माझ्याबरोबर कडवे वाल सोलायला बसली की एकेक गोष्ट मला सांगते. जग कशाने बुडतं ते दर गोष्टीत निराळं. कधी साथ येते, कधी बॉम्ब पडतो, कधी नुसताच पाऊस थांबतो. बुडाल्यानंतरचा देखावा मात्र ठरलेला. ओस गावं, डांबर फोडून वर आलेलं गवत, आणि खांद्यावर बोचकं टाकून चालत सुटलेली माणसं. चालून चालून त्यांचे पाय फुटतात. नाहीतर कुठूनतरी एखादी मोटार हाती लागते आणि मग पेट्रोलपायी एकमेकांच्या नरड्याला लागतात.

तीन-चार गोष्टी मी निमूट ऐकल्या. पाचवीला राहवेना.

"यांच्या सायकली कुठे गेल्या गं?"

"कुणाच्या?"

"याच लोकांच्या. जग बुडालं ते बुडालं. पण एवढ्या मोठ्या शहरात एकाकडेही सायकल नव्हती?"

तनया हसली. "आजी, टायर सडून जातात एवढ्या वर्षांत."

"मग टायरात गवत भरायचं. गवत तर ढीगभर दाखवलंय."

"असं होतं?"

"असं केलंय. मोखाड्याच्या वाटेवर ट्यूब फाटली तेव्हा मी आठ मैल गवतावर आलेय. बूड सडकून निघालं, पण आले."

तिने मान डोलावली, म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेताना डोलावतात तशी, आणि पुढची गोष्ट सुरू केली. तिच्याही त्या गोष्टीत सगळे चालतच होते. मी वाल सोलत राहिले, पण माझं लक्ष उडालं. या लिहिणाऱ्यांपैकी कुणीच कधी सायकल ढकलली नसेल, असं पहिल्यांदा वाटलं. नंतर वाटलं, तेवढंच नसावं. ती मुद्दाम काढून टाकली असावी. कुणाला तरी ती नको असावी. ही दुसरी शंका मला चार दिवस झाले सोडत नाही.

जग बुडाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं ते चौदाव्या वर्षी, वडिलांच्या तोंडून. ते संस्थानच्या कचेरीत दप्तरी होते. कागदांचे रुमाल बांधायचे आणि सोडायचे एवढंच त्यांचं काम, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. विलीनीकरण झालं, कचेरीवरचं निशाण बदललं, आणि रुमालांच्या गाड्या भरून ठाण्याला गेल्या. वडील घरी येऊन पगडी मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "बुडालं. सगळं बुडालं." आई मागून म्हणाली, "बुडालं तर बुडालं, आधी विहिरीवरून दोन घागरी आणा, धाकटीला न्हाऊ घालायचंय." वडील उठले आणि दोन घागरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दूधवाली नेहमीच्या वेळेला आली. जगबुडीबद्दल माझं मत तेव्हापासून जरा हलकंच आहे.

वडिलांचं काम गेलं म्हणून मी शिकले, असंही म्हणता येईल. नर्सिंगचा सुईणपणाचा कोर्स करून आले आणि विसाव्या वर्षी दाभोशाच्या बाजूच्या एका पाड्यावर माझी नेमणूक झाली. तिथून साखरशेतपर्यंतचे सगळे पाडे माझ्याकडे. राहायला सोमीच्या घराची अर्धी पडवी. मध्ये कारवीच्या काठ्यांचा शेणाने सारवलेला कूड. कुडापलीकडे सोमी, तिचा मुलगा लखमा आणि सून मंगळी. भात आणि नाचणी पिकवणारं घर. आपसात ती माणसं त्यांच्या बोलीत बोलत. माझ्याशी बोलताना सोमी मराठीतला एकेक शब्द वेचून समोर ठेवी. नवरा जाऊन तिला वर्षं झाली होती. पन्नाशीची असेल. काटक, काळीभोर, आणि कुणाच्या बापाला न भिणारी.

सायकल मोखाड्याच्या कचेरीत आली होती. कारकुनाने रजिस्टर पुढे सरकवलं.

"सही करा बाई. सरकारने फिरतीला सायकल दिलीय."

"मला चालवता येत नाही."

"सही तर येते ना?"

मी सही केली. सायकल पुरुषी होती, मधे दांडी असलेली, काळी, माझ्या छातीएवढी उंच. मोखाड्यापासून पाड्यापर्यंत मी ती दोन दिवसांत ढकलत आणली. चढाला मी तिला ओढायची, उताराला ती मला, आणि दोन ओहोळांत तिला खांद्यावर घेतलं. वाटेत भेटेल तो विचारायचा, "बाय, ही तुला नेते का तू हिला?" नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते काय, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

सोमीने सायकलभोवती एक फेरी मारली. हँडल चाचपलं, सीटवर थाप मारली. "बैल चांगला हाय. शिंगं बरी हायत. पण चारा नाय खात, पानी नाय पीत, मंग जोर कुठून आणतो?"

"माझ्या पायातून."

"मंग तुलाच चारा घालू," ती म्हणाली.

चालवायला तिनेच शिकवलं. म्हणजे तिला येत नव्हतीच. पण खळ्यावर सपाट सारवलेली जागा होती, आणि सायकल शिकायला शिकवणारा लागत नाही, मागे सीट धरणारा लागतो. तिने माझं पांढरं पातळ गुडघ्यापर्यंत ओढून कासोटा घातला, आपल्यासारखा. मी दांडीवरून पाय टाकला आणि भीतीने डोळे मिटले. मागून ती म्हणाली, "मी धरलाय, बाय. तू बस." गोल गोल फेऱ्या. पडले की उठवायची, चुलीतली राख खरचटल्यावर दाबायची आणि पुन्हा तेच: मी धरलाय. सातव्या-आठव्या दिवशी तोच आवाज खळ्याच्या त्या टोकाकडून आला, तेव्हा कळलं की हिने कधीच सोडलंय. मी लगेच पडले.

तनयाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सो स्वीट." गोड वगैरे मला त्यात काही दिसत नाही. हात सोडूनही धरलाय म्हणणारा माणूस असतो, तेव्हा आपण त्याला खरं मानून पायडल मारतो, आणि पडतो ते मागे वळून बघितल्यावर. पुढे एकदा तिने खरोखर धरलं होतं आणि मी खोटं बोलले. ते सांगायचं म्हणूनच एवढं लांबण लावते आहे.

वाघबारशीचा दिवस. आमच्याकडच्या डोंगरात त्या दिवशी वाघदेवाला नैवेद्य असतो. वाघाने वर्षभर गुरं राखावीत म्हणून त्याचीच मनधरणी करायची. वासरापासून म्हाताऱ्या बैलापर्यंत सगळ्यांना धुतात, अंगावर गेरूचे ठसे, शिंगांना गेरू आणि खुरासणीचं तेल. मी त्याच सकाळी दिवाळीला जव्हारला निघाले. ठेकेदाराचा लाकडाचा ट्रक जात होता, म्हणून सायकल पडवीतच ठेवली. निघताना पाहिलं, सोमी एका हातात गेरूची वाटी आणि दुसऱ्या हातात तेलाची घेऊन पडवीत आली होती.

"याचं कोन करील? हा पन आपल्याच दावणीचा हाय."

मला हसू आलं. मनातून फार बरंही वाटलं. सरकारी सायकल, रजिस्टरात नंबर पडलेली, आणि तिला दावणीत जागा मिळाली होती. ती हँडलला तेल लावत होती तेवढं मी पाहिलं. ट्रकवाल्याने हॉर्न मारला आणि मी पळाले.

भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून मी पायी परतले. डोंगर उतरून पाड्याच्या वळणावर आले आणि थबकले. कुठूनच काही आवाज नव्हता. सगळी दारं ओढून घेतलेली, कडीला दोरी. खळ्यावर नाचणीचं काड तसंच पडलेलं. एक कुत्रं माझ्याकडे आलं, वास घेतला आणि भुंकायचं सोडून मागे मागे चालायला लागलं. दिवाळी झाली होती आणि पाडा गवतावर गेला होता. आमच्या डोंगरातली तरणी माणसं तेव्हा दर वर्षी भाताचं आवरलं की खाली उतरायची, वसई-भिवंडीकडे, गवत कापायला. विळा, एक मडकं, थोडे तांदूळ, आणि चालणारी पोरं बरोबर. माघाशिवाय परतायची नाहीत. मागे राहायची ती म्हातारी, फार लहान, आणि ज्यांना चालवत नाही ती. मला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या दोरी बांधलेल्या दारांमधून एकटीने चालणं वेगळं. तनयाच्या सिनेमात ओस गाव आलं की ती उशी घट्ट धरते. मला ते गाव ओळखीचं वाटतं. आमच्याकडे जग दर वर्षी चार महिने बुडायचं.

एकाच घरातून धूर येत होता, माझ्याच. मंगळीला आदल्या पहाटेपासून कळा लागल्या होत्या.

दिवस अजून भरायचे होते, म्हणून लखमा निर्धास्तपणे गेला होता. मी हात धुतले आणि मंगळीच्या पोटावरून हात फिरवला. डोकं खाली नव्हतं. वरही नव्हतं. बाळ आडवं होतं. मी लाकडी नळी पोटाला लावली आणि कान टेकला. ठोके लागले. मंद, पण लागले. फिरवून बघितलं, जेवढं मला शिकवलं होतं तेवढं. ते फिरेना. मंगळीने माझं मनगट धरलं होतं. ती ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. अशा बाळंतपणात डॉक्टरचा हात लागतो. नाहीतर दोघंही जातात, हे मी कोर्समध्ये लिहून पाठ केलं होतं.

"जव्हारला न्यायला हवं, सोमीबाय."

"डोलीनं," ती म्हणाली. डोली म्हणजे बांबूला बांधलेली झोळी. पुढे दोन माणसं, मागे दोन, आणि खांदा बदलायला आणखी चार. पाड्यावरची एकुलती बैलगाडी गवत वाहायला गेली होती, बैलांसकट, आणि ठेकेदाराचा ट्रक पुन्हा कधी येईल त्याचा नेम नव्हता. उरलो होतो मी, ती, आणि दोन घरं सोडून एक आंधळा म्हातारा.

युक्ती कुणाची ते आता आठवत नाही. दोघींचीही नजर एकाच वेळी पडवीत गेली असावी. बांबूचं पुढचं टोक सायकलच्या सीटला आणि कॅरियरला काथ्याने आवळलं, मागचं टोक सोमीच्या खांद्यावर, आणि मधे घोंगडीच्या झोळीत मंगळी. मी पुढे हँडल धरून. निम्मं ओझं चाकांवर गेलं. आठ माणसांचं काम दोन बायका आणि एक सायकल करणार होत्या. सूर्य चांगला वर आला होता. कुत्रं पाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत आलं आणि तिथे बसलं.

पहिल्या चढाला जीव गेला, पण आम्ही वर पोचलो. माथ्यावर दोन्ही बाजूंना कमरेएवढं पिवळं गवत, मधून पायवाट, आणि वाऱ्याबरोबर गवताची सळसळ. मंगळीने झोळीतून विचारलं, "आलं का जव्हार?" "आलंच," मी म्हटलं. तिथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मला तर चक्क आनंद झाला होता, तो मी नाकारणार नाही. वीस वर्षांची होते आणि जे कुणी केलं नव्हतं ते करत होते.

मग ओहोळाकडे जाणारा उतार आला. मी ब्रेक दाबला. सळईचा ब्रेक होता तो. मूठ ओढली की रबराचे ठोकळे चाकाच्या कडेला भिडायचे. भिडले, आणि चाक त्यांच्यामधून तसंच सरसरत निघालं. मागून झोळीचं सगळं वजन माझ्यावर आलं. मी टाचा रोवल्या, मुरमावरून टाचा घसरल्या. पुन्हा दाबला. काही नाही. मागे सोमी ओरडली, "मी धरलाय, बाय, मी धरलाय," आणि तीही बांबूबरोबर ओढली जात होती. तिच्या पायाखालचे दगड गडगडत माझ्या पुढे जाताना मला दिसत होते. दरीच्या बाजूला गेलो असतो तर तिघी संपलो असतो. मी हँडल डोंगराकडे मुरगळलं. पुढचं चाक मातीच्या कडेला आदळलं, बांबू सुटला आणि झोळी खाली आपटली.

मंगळी एकदाच ओरडली. नंतर गप्प.

मी उठून चाकाला हात लावला. बोटं तेलकट झाली. नाकाशी नेली. खुरासणीचं तेल. सोमीने मायेने नुसत्या हँडललाच नव्हतं लावलं. दोन्ही चाकांच्या कडांना, आतून बाहेरून, चोळून चोळून लावलं होतं. पाच-सहा दिवसांत ते चांगलं मुरलं होतं.

"का नाय थांबत गं तो?" सोमीने विचारलं. तिचा खांदा सोलून निघाला होता.

"ब्रेक जुना झालाय," मी म्हटलं आणि बोटं पातळाला पुसली.

तिने कमरेचा कोयता काढून ऐनाची एक पानाळ फांदी तोडली, आणि ती सायकलच्या मागच्या बाजूला दोरीने बांधली. लाकडं उतरवताना असंच करतात, ओढणारी फांदी गाडीला पळू देत नाही. बांबू पुन्हा आवळला. मंगळीला पुन्हा झोळीत घेतलं. फांदी फरफटत, धुरळा काढत, पावलापावलाने आम्ही तो उतार उतरलो. यात किती वेळ गेला? अर्धा तास, पाऊण? माझ्या छातीवर नर्सचं घड्याळ होतं, उलटं लावलेलं, मान खाली घातली की दिसणारं. मी मान खाली घातली नाही. लाकडी नळी पिशवीत होती. झोळी आपटल्यावर ती काढून मंगळीच्या पोटाला लावायला किती वेळ लागला असता? मी ती काढली नाही. काढली असती आणि काहीच ऐकू आलं नसतं, तर पुढे चालायला माझ्या पायात बळ राहिलं नसतं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. आजही तेच सांगते. पटत मात्र नाही.

दुपार कलताना जव्हारच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर बाहेरच उभे होते. आमच्याकडे, सायकलकडे, फांदीकडे बघत राहिले आणि मग धावले. मंगळी वाचली. मुलगी होती. तिने श्वास घेतला नाही.

"केव्हा गेली असेल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"ते आता कसं सांगणार? आई वाचली हे काय थोडं आहे? ज्या तऱ्हेने तुम्ही तिला आणलंत..."

ते माझं कौतुक करत राहिले. सोमी कोपऱ्यात बसून मुलीला आपल्या फडक्यात गुंडाळत होती. गाठ मारली, सोडली, पुन्हा नीट मारली. माझ्याकडे बघून म्हणाली, "केस लय हायत हिला." मग उठून एकटीच पायी पाड्याकडे निघाली. वळणापाशी, गवतात, तिने तिला पुरलं. जागा मला नंतर दाखवली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन दवाखान्याच्या मागे गेले, चुलीतली राख मागून घेतली आणि दोन्ही चाकं घासली. तीनदा घासली. सोमीच्या नजरेला तेलाचा डाग पडू नये एवढंच मला हवं होतं. तिच्या हाताने झालं हे तिला कळता कामा नये. त्या वेळी वाटलं, मी तिला जपते आहे. वर्षभर मी तिच्या कुडाच्या अलीकडे राहिले, तिच्या हातची नाचणीची भाकर खाल्ली, आणि ब्रेकचा विषय निघेल म्हणून सायकलही तिच्या डोळ्यांआड लावायची. लखमा माघात परतला. बायकोजवळ बसून राहिला, मला हात जोडले. मी बाहेर निघून गेले. पुढे मंगळीला दोन मुलं झाली, दोन्ही माझ्या हातावर, दोन्ही सुखरूप. तरी गवत पिवळं पडलं की मला तो उतार दिसतो, आणि मी पुढच्या दारातून मागच्या दारात जाते.

तनयाच्या गोष्टींतल्या सायकलींचं मला आता कळल्यासारखं वाटतं. बुडालेल्या जगात माणूस पायी असला की त्याला कुणाला मागे टाकता येतं. काय करणार, खांद्यावर किती घेणार? मोटार असली तर पेट्रोल संपतं. तिथेही सुटका होते. सायकलीत अशी सुटका नाही. ती असली, ढकलण्याजोगी दोन चाकं असली, की आजारी माणूस घरात ठेवून निघता येत नाही. न्यावं लागतं. आणि न्यायला लागलं की वाटेत आपल्या हातून काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, याचा जाब द्यावा लागतो. गोष्टीतल्या वीराला तो परवडत नसावा. म्हणून लिहिणारा सायकल आधीच काढून ठेवतो. हे माझं म्हणणं तनयाला पटलं नाही. ती म्हणाली, "आजी, कदाचित त्यांना सुचलंच नसेल." तसंही असेल. सगळ्यांनाच माझ्यासारखी खोड नसते.

पण मी हेही तिला सांगितलं की गोष्टीतली ती माणसं फार एकेकटी असतात. सायकलीला मागे एकजण लागतो. तिने विचारलं, "तुझ्या मागे कोण होतं ते सांगितलंस. पुढे तिचं काय झालं?" ते मी तिला सांगितलं नाही. इथे लिहिते.

पुढच्या वर्षीची वाघबारस. मी सकाळी कुणी उठायच्या आत सायकल काढून मोखाड्याला निघून जायचं ठरवलं होतं. पडवीत आले तर सोमी आधीच तिथे. एका हातात गेरू, एका हातात तेल. आवारात बैल धुऊन उभे होते, त्यांच्या शिंगांवरून तेल ओघळत होतं. ती सायकलपाशी बसली. राख कुठे मिळेल, किती वेळ लागेल, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं.

तिने बोटं तेलात बुडवली आणि हँडलला लावायला लागली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, सावकाश, एक थेंब खाली पडू न देता. चाकांपाशी आल्यावर तिने हात मागे घेतला, लुगड्याला पुसला, आणि कोरड्या बोटाने चाकाची कड वर्तुळभर चाचपून पाहिली. कुठे काही राहिलं नाही ना, ते बघितलं.

"शिंगांनाच लावते, बाय," ती म्हणाली. "खुरांना नाय लावत आता."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी खाली बसले. दुसऱ्या वाटीतला गेरू घेतला, आणि तिला नीट पोचावं म्हणून हँडल तिच्याकडे वळवून धरलं.